मालकीचं रान आणि त्यातली ढोली: कोकणातल्या जमीनमालकांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या घरामागच्या वरकस (हलक्या, उताराच्या जमिनीच्या) डोंगरावर एक बेहडा आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. आजोबा होते तोवर त्याला कोयता लावायची कुणाची छाती नव्हती. “त्यात पाखरू बसतं” एवढंच ते सांगायचे आणि तेवढं पुरायचं. ते गेले, वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर अकरा नावं चढली, आणि एका मे महिन्यात कळलं की चुलतभावाने अख्ख्या रानाचा विसार घेतलाय. आम्ही भावंडांनी वर्गणी काढून तो विसार परत केला आणि बेहडा वाचला. पण आजोबांचा शब्द एका पिढीपुरताच होता, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून संगमेश्वर, देवरुख, राजापूर या बाजूच्या जमीनमालकांशी, मालकीचं रान आणि त्यातली पाखरं कागद करून कशी राखायची यावर बोलणं सुरू आहे. त्यात जे प्रश्न सारखे येतात ते इथे उत्तरांसह देतोय. मी वकील नाही. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तालुक्याचा जमिनीची कामं करणारा वकील गाठाच.

जंगल राखणं हे वनखात्याचं काम. आमच्या खाजगी रानाचा त्याच्याशी काय संबंध?

कोकणात संबंध आहेच. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी थोडी. डोंगर, वरकस, सडे (कातळाची पठारं), खाडीकाठची खाजणं (भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनी), यातलं बहुतेक सगळं कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे. राज धनेश आणि कवड्या धनेश घरटं करतात ते तुमच्या आंब्याच्या, बेहड्याच्या, सावरीच्या ढोलीत. खवले मांजर बीळ करतं ते तुमच्या काजूच्या बागेमागच्या उतारावर. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचा भारा रचतो, ते झाडही बहुधा कुणाच्या तरी परड्यातलं असतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जीवांच्या यादीत) राज धनेश ‘असुरक्षित’ आणि भारतीय खवले मांजर ‘संकटग्रस्त’ आहे. त्यांच्यासाठी उद्या नवं अभयारण्य जाहीर झालं तरी ते जिथे राहतात ती जमीन तुमचीच राहणार.

कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणजे नेमकं काय?

ही मुळात अमेरिकेतली पद्धत. जमीनमालक स्वतःहून एका संस्थेशी किंवा सरकारी यंत्रणेशी करार करतो: जमीन माझीच राहील, मी ती कसेन, विकेन, मुलांना देईन, पण तिचे तुकडे पाडणार नाही, तिच्यावर इमारती उभ्या करणार नाही, अमुक इतकं रान तोडणार नाही. मालकीतले काही हक्क त्याने सोडलेले असतात आणि त्यांची राखण ती संस्था करते. हा करार जमिनीच्या दप्तरी नोंदला जातो आणि बहुतेक वेळा कायमचा असतो. जमीन दहा हातांतून गेली तरी प्रत्येक नव्या मालकाला तो बांधतो. 1981 मध्ये तिथे यासाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि बहुतेक राज्यांनी तो किंवा त्यासारखा कायदा केला. सोडलेल्या हक्कांची किंमत ठरवून मालकाला आयकरात सवलत मिळते, म्हणून तिथे शेतकरीही यात उतरले.

मग आपण इथे तसंच का करत नाही?

आपल्याकडे ईझमेंटचा कायदा आहे, 1882 चा. मराठीत त्याला सुविधाधिकार म्हणतात आणि व्यवहारात वहिवाटीचा हक्क. शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट, पाट, गडग्याजवळचा (दगडी कुंपणाजवळचा) उजेड-वारा, हे सगळं त्यात येतं. पण त्याची अट अशी की हा हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर मिळतो, पहिल्या जमिनीच्या उपभोगासाठी. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेला “या रानात तोड होऊ नये” असा हक्क त्या कायद्याखाली मिळत नाही. अमेरिकेसारखी करसवलतही इथे नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहज घेता येत नाही, त्यामुळे संस्थेने लगतचा तुकडा विकत घ्यावा म्हटलं तर तिथेही परवानगी आडवी येते.

म्हणजे तयार वाट नाही. तरी आहेत त्या पायवाटांनी जाता येतं.

त्या पायवाटा कोणत्या?

पहिली, आणि माझ्या मते आज सर्वात चालणारी, म्हणजे संवर्धन करार. मालक आणि संस्था यांच्यात पाच-दहा वर्षांचा साधा लेखी करार. संगमेश्वर तालुक्यात एईआरएफ या पुण्याच्या संस्थेने जमीनमालकांशी असे करार केले आहेत: रान तोडायचं नाही, त्या बदल्यात मालकाला मोबदला.

दुसरी, समुदाय राखीव क्षेत्र. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात 2002 च्या दुरुस्तीने कलम 36-क घातलं गेलं. गावाने किंवा एकट्या माणसाने स्वतःहून तयारी दाखवली, तर खाजगी जमीनसुद्धा राज्य सरकार असं क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीवरच्या क्षेत्राच्या समितीत खुद्द मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. अमेरिकेतल्या ईझमेंटच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची सोय हीच. पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि त्यावर सरकारची मंजुरी लागते. माघार सोपी नाही, म्हणून घरात सगळ्यांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

तिसरी, जैविक विविधता कायदा 2002 खालचं जैवविविधता वारसा स्थळ. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानटी जायफळाची दलदल आणि आंबोलीचं हिरण्यकेशी माशाचं ठिकाण ही दोन्ही अशी जाहीर झालेली आहेत. आंबोलीतलं क्षेत्र केवळ 2.11 हेक्टर. जागा छोटी असली तरी चालते, हे यातून कळतं. देवरहाटी (देवराया), झरे, दलदली यांना ही वाट जास्त शोभते.

कागद केला की सरकार जमीन घेईल. 1975 ला काय झालं ते आम्ही विसरलो नाही.

ही भीती खरी आहे आणि ती बाळगणाऱ्याला कुणी अडाणी म्हणू नये. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने 30 ऑगस्ट 1975 या दिवशी खाजगी वनं एका फटक्यात सरकारजमा झाली. कितीतरी लोकांना सातबारा काढायला गेल्यावर पत्ता लागला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात सांगितलं की जमीन खाजगी वन ठरवायला वन कायद्याखालची जुनी नोटीस नुसती काढलेली असून भागत नाही, ती बजावलेली असायला हवी. पण तोवर चाळीस वर्षं गेली होती. “झाडं वाढवली की जमीन गेली” हे गणित आमच्या आधीच्या पिढीच्या डोक्यात त्यातूनच पक्कं झालं, आणि त्या भीतीपोटीही रानं साफ झाली.

मालक आणि संस्था यांच्यातल्या संवर्धन कराराने जमिनीची मालकी कुठेही जात नाही. समुदाय राखीव क्षेत्रातही मालकी तुमचीच राहते, बंधन येतं ते वापरावर. तरीही करार करण्याआधी तुमच्या गटावर ‘राखीव वन’, ‘खाजगी वन’, ‘महाराष्ट्र शासन’ असा शेरा इतर हक्कांत आधीच आहे का, ते बघून घ्या. असेल तर आधी तो प्रश्न सोडवावा लागतो.

संस्थेच्या नावे कूळ लागणार नाही ना?

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा; कोकणातला माणूस हा प्रश्न विचारतोच आणि विचारावाच. म्हणून करार भाडेपट्ट्याचा करू नका. मसुद्यात ‘खंड’, ‘पट्टा’, ‘भाडं’ असे शब्द नकोत. “जमिनीचा ताबा व वहिवाट मालकाकडेच आहे आणि राहील, संस्थेला जमीन कसण्याचा कोणताही हक्क दिलेला नाही” असं स्वच्छ वाक्य घाला. पैसे मिळतात ते जमिनीच्या वापराचे नव्हेत, तोड न करण्याचे, हेही लिहा. पीकपाहणी दरवर्षी स्वतःच्या नावाने लावा, हलगर्जी करू नका.

सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यातले सोळा मुंबईत. सही कुणाकुणाची?

सगळ्यांची. अर्धं काम इथेच अडतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

सामाईक जमिनीत गावात राहणारा भाऊ रान राखतो आणि डोंबिवलीतला पुतण्या ते विकतो, असं वारंवार घडतं. पुतण्या वाईट असतो असं नाही. त्याने ते रान लहानपणी दोनदा पाहिलेलं असतं, त्याच्या घराचा हप्ता थकलेला असतो आणि ठेकेदार रोकड घेऊन दारात येतो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं की बाबा, यात काय आहे. त्यामुळे सही मागण्याआधी त्याला रान दाखवा. गणपतीला किंवा शिमग्याला सगळे घरी असतात. एका सकाळी न्याहारी करून सगळ्यांना वर घेऊन जा. ढोली दाखवा, नर धनेश येताना पंखांचा केवढा आवाज होतो तो ऐकू द्या (शिमग्याच्या सुमारास मादी आत बसलेली असते, योग चांगला असतो, फक्त लांबून). मग माजघरात बसून कागद वाचा.

जे येऊ शकत नाहीत त्यांचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्या. मयत नावं सातबाऱ्यावर तशीच असतील तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद. कुणी अडून बसलं तर दोनच रस्ते: रीतसर वाटप करून आपल्या हिश्श्यापुरता करार करायचा, किंवा त्याच्या वाट्याच्या झाडांची किंमत त्याला देऊन मोकळं व्हायचं. वाटपाला वर्षं लागतात. आमच्या घरात दुसरा रस्ता धरला.

करारात काय काय लिहायचं?

गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, चतुःसीमा हे तर आलंच. सोबत मोजणीचा नकाशा जोडा. मोजणी झालेली नसेल तर हद्दीवरच्या ठळक खुणा लिहा: अमुकाचा गडगा, पऱ्या (ओहोळ), मोठा धोंडा. मोठ्या झाडांना नंबर द्या, घेर मोजा, फोटो काढा. “सुमारे पाचशे झाडं” असं मोघम लिहिलेल्या कराराला पुढे काही अर्थ उरत नाही.

काय करता येईल ते आधी लिहा, काय करता येणार नाही ते नंतर. माणसं कागदाला बिचकतात ती बंदीच्या यादीमुळे. खाली पडलेलं सरपण नेता येईल. बेहडे, हिरडे, शिकेकाई गोळा करता येईल. गुरं चरतील, पायवाट चालू राहील, देवाची राखण (वर्षाचा नैवेद्य) देता येईल. राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायची असेल तर कोणत्या ऐनांची, कोणत्या बाजूची, ते ठरवून घ्या. मग बंदी: उभी झाडं विकायची नाहीत, कोळशाची भट्टी लावायची नाही, रानातून जेसीबीने रस्ता काढायचा नाही, चिऱ्याला (जांभा दगड काढायला) किंवा मातीला जमीन द्यायची नाही. आणि एक वाक्य विसरू नका: वाळलेलं उभं झाड, त्याला भोक किंवा ढोली असेल तर, तसंच ठेवायचं. सरपण म्हणून आधी जातं ते नेमकं हेच झाड.

पैसे कधी, कुणाच्या खात्यात, किती हप्त्यांत, हे स्पष्ट असावं. वर्षातून एकदा दोन्ही बाजूंनी मिळून रानात फेरी मारून झाडं मोजायची, त्याचा कागद करायचा. करार मोडला तर काय, तेही लिहा. बहुधा घेतलेले पैसे परत, एवढंच पुरतं. आज राज्यात 500 रुपयांच्या स्टॅम्पवर साधे करार होतात, पण नोंदणी करणं केव्हाही चांगलं.

मी जमीन विकली तर नवा मालक बांधला जातो का?

तुमच्या वारसांना करार बहुधा बांधतो, मसुद्यात तसं लिहिलेलं असेल तर नक्कीच सोपं जातं. विकत घेणाऱ्याला मात्र साधा करार बांधत नाही. अमेरिकेच्या पद्धतीपेक्षा आपली वाट इथे कच्ची आहे, हे मान्य करायलाच हवं. त्यावर उपाय म्हणून तीन गोष्टी घालून ठेवतात: विकायची वेळ आली तर आधी संस्थेला किंवा भाऊबंदांना विचारायचं, खरेदीखतात या कराराचा उल्लेख करायचा, आणि मुदतीआधी विकलं तर उरलेल्या वर्षांचा मोबदला परत. कायमचं बंधन हवं असणाऱ्याने समुदाय राखीव क्षेत्राचाच विचार करावा.

झाड वाचवण्यासाठी मुळात कायदा नाही का? मग कराराची गरज काय?

आहे, पण त्याला भोकं आहेत. 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं आहेत, त्यांना परवानगी लागते. परवानगी मागितली की बरेचदा मिळतेही. धनेशाच्या घरट्याचा बेहडा त्या यादीत नाही.

दुसरीकडे, वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या पुष्कळांना ठाऊक नाही. पक्ष्याची अंडी नष्ट करणं किंवा घरट्याला त्रास देणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. धनेश, समुद्री गरुड, खवले मांजर तिघंही अनुसूची 1 मध्ये (सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत) आहेत, आणि तिथे शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. म्हणजे मादी ढोलीत असताना ते झाड पाडणं गुन्हा आहे, जमीन कुणाचीही असो. पण पावसाळ्यात, ढोली रिकामी असताना, तेच झाड कुणीही पाडतो आणि पुढच्या वर्षी ती जोडी मोकळ्या आभाळात घिरट्या घालते. करार लागतो तो या मधल्या महिन्यांसाठी.

ढोलीत धनेश आहे हे ओळखायचं कसं?

जानेवारी-फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत लक्ष ठेवा. कुठे त्याला माडगरुड म्हणतात, कुठे नुसतं गरुड. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने, मातीने तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिचे उडायचे पंख झडतात, म्हणजे तिला उडून जाताच येत नाही. नर दिवसभर उंबर, वड, काजरा यांची फळं आणून त्या फटीतून भरवतो. नराला काही झालं तर आतली सगळीच संपतात. झाडाखाली फळांच्या बियांचा आणि विष्ठेचा सडा पडलेला दिसला की समजा, वर घर आहे. मग तिथे थांबू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. नर माणूस बघून चारा न देता परत जातो.

पैसे खरंच मिळतात का? ठेकेदाराएवढे?

एकरकमी ठेकेदाराएवढे नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर माणूस फसल्यासारखा होतो. पण ठेकेदार एकदाच देतो. पुढची पंधरा-वीस वर्षं त्या डोंगरावरून काही येत नाही, उलट माती पऱ्यात उतरते. राखलेल्या रानातून दरवर्षी थोडं येतं: कराराचा मोबदला आणि गोळा केलेली फळं. बेहड्याच्या बाबतीत एईआरएफने फेअरवाइल्ड या प्रमाणपत्राची वाट उघडली. त्यात झाड न तोडता, काही फळं पाखरांसाठी ठेवून गोळा केलेल्या मालाला बाजारापेक्षा बरा भाव मिळतो. ज्या बेहड्याचं सरपण होत होतं त्याचं फळ मोलाचं झालं, हा बदल मला सगळ्यात आशेचा वाटतो.

रान ठेवलं की वानरं, डुकरं वाढतात. आमच्या बागेचं काय?

तुमची तक्रार रास्त आहे आणि कराराने ती मिटत नाही. बागेला अगदी लागून असलेला पट्टा करारात घेऊ नका, तिथली झाडी विरळ ठेवायची मुभा ठेवा. नुकसान झालं तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. मिळणारी रक्कम नुकसानीच्या मानाने तुटपुंजी असते. रान राखणाऱ्या मालकाला ती आधी आणि जास्त मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सड्यावर तर झाडंच नाहीत. तिथे काय राखायचं?

सातबाऱ्यावर सडा पोटखराब्यात (लागवडीला नालायक जमिनीत) जातो आणि म्हणून तो फुकटचा समजला जातो. चिरेखाणीला द्या, नाहीतर कातळ फोडून, बाहेरची माती आणून हापूस लावा, असंच सगळे म्हणतात. पण जून ते सप्टेंबर सड्यावर चालून बघा. गेंदांचे पांढरे गालिचे, ओलसर खळग्यांत सीतेची आसवं, आणि पहिल्या पावसात उगवणारी दीपकाडी. ही दीपकाडी कोकणातल्या जांभ्यावरच होते, आणखी कुठेही नाही. सड्यात मुरलेलं पाणी खाली वाडीच्या झऱ्याला लागतं. काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्याच्या करारात तीन कलमं पुरतात: चिरा काढायचा नाही, बाहेरची माती टाकायची नाही, पाण्याचे खळगे बुजवायचे नाहीत. गुरं चरू द्या.

खाडीकाठचं कांदळवन आमच्या खाजणात आहे. त्याचाही करार?

तिथे तोडबंदी आधीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात मालकी कुणाचीही असली तरी कांदळवन तोडता येणार नाही, असं म्हटलं आहे.

वणव्याचं काय?

कराराआधी याची व्यवस्था करा. ढोलीचं झाड आतून पोकळ असतं, गवताची आग बुंध्याला लागली की ते धुरांड्यासारखं पेटतं. जानेवारीतच रानाच्या कडेने जाळरेषा काढा, मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा ओढून घ्या. मजुरीचा खर्च मोबदल्यात वेगळा मागून घ्या; संस्था सहसा देतात.

सुरुवात कुठून करू?

सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) काढा, नावं वाचा. मग रानात जा आणि ढोलीची झाडं मोजा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सांगून ती लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. खर्च काही नाही आणि पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतं. त्यानंतर भाऊबंद, मग वकील, मग संस्था. हा क्रम उलटा केला की घरात भांडणं होतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आमच्या बेहड्याच्या कागदावर दहा सह्या झाल्या आहेत. अकरावी विरारला राहणाऱ्या आत्याची. ती शिमग्याला येणार आहे, तिने आजोबांच्या वेळचं ते पाखरू पाहिलेलं आहे.